फड्या, थोर आणि पांढरा कापूस : एका ई-क्लास टेकडीचं प्रकरण

आमच्या गावात निवडुंग हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. फडा काढलेल्या नागासारखे चपटे फड असलेला तो निवडुंग. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा असतो, खरचटलं की पांढरा चीक गाळतो, तोही निवडुंग. घायपाताला जुनी माणसं केतकी म्हणतात, पण नव्या पोरांच्या तोंडी तीही 'तो मोठा निवडुंग' झाली आहे. टेकडी साफ करायला निघालो तेव्हा या एका शब्दाने आमची काही वर्षं खाल्ली. ते कसं झालं आणि पुढे काय केलं, हे जसं घडलं तसं लिहिते आहे. विदर्भात कुठल्याही बरड माळावर हीच गोष्ट आज चालू असेल.

टेकडी

गाव बुलडाणा जिल्ह्यात, घाटावर. उत्तरेला २२ एकरांची बरड टेकडी आहे. कागदोपत्री ती सरकारची ई-क्लास जमीन, म्हणजे बाकी महाराष्ट्रात जिला गायरान म्हणतात ती. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली पाथर. सासरी आले तेव्हा दिवाळीपर्यंत या टेकडीवर कुसळी आणि पवन्या गवत गुडघ्याला लागायचं. गावची गुरं, बकऱ्या, मेंढपाळांचे मुक्काम, सगळं तिच्यावर निभायचं.

तालुक्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत नाव घातलं गेलं आणि लोक जैवविविधता नोंदवहीसाठी टेकडी पायाखाली घालायची वेळ आली. २०१७ साल होतं. वरच्या निम्म्या अंगाला गवतापेक्षा फड्या निवडुंगच जास्त दिसत होता. माणसाच्या उंचीची बेटं, आणि दोन बेटांमध्ये शेळी जेमतेम निघेल एवढी वाट.

टेकडीवर बकऱ्या चारणाऱ्या मावशींनी एका पाटीला, म्हणजे तरण्या बकरीला, दोन पायांत धरून तिचा ओठ उलटून दाखवला. खालच्या ओठाच्या आत बारीक बारीक पिवळसर केस रुतलेले होते, मुळाशी पू धरलेला. निवडुंगाचे मोठे काटे दिसतात, म्हणून जनावर ते चुकवतं. खरा त्रास या केसांचा. फडावर ठिपक्यांसारखे डोळे असतात, त्या प्रत्येक डोळ्यात मोठ्या काट्यांच्या बुडाशी या कुसळांचा झुबका असतो. नुसता धक्का लागला तरी ती सुटतात, आणि त्यांना उलटे दात असल्यामुळे आत सरकत जातात. लाल-जांभळ्या बोंडांवरही तीच कुसळं. बकरी बोंडाच्या गोडीने तोंड घालते आणि आठवडाभर चरायची बंद होते. पाटी दूध द्यायची थांबली होती, आणि मावशींच्या घरात दूध देणारी तेवढी एकच होती. नोंदवहीत 'निवडुंग : काटेरी झुडूप' अशी ओळ लिहून निघून यायला माझं मन धजेना.

आमच्या टेकडीवरचा फड्या म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ओपन्शिया इलाटिओर. पिवळट-केशरी फूल, आत तांबूस केसर. तो इथला नाही, सगळा ओपन्शिया अमेरिका खंडांतला. इथे तो माणसांनीच आणला आणि माणसांनीच वाढवला, कारण कुंपणाला याच्यासारखं फुकटचं काही नाही. फड तोडा, धुऱ्यावर टाका, विसरून जा. दोन पावसाळ्यांत वई तयार.

त्याच्या चिवटपणाचं कारण त्याच्या श्वासात आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात आणि उन्हात पाणी गमावतात. हा ती रात्री उघडतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतो आणि दिवसा छिद्रं मिटून त्या साठ्यावर अन्न करतो. वर मेणकट जाड साल, आत लगदाभर पाणी. म्हणून जिथे एप्रिलमध्ये पळसही पानं झाडून बसतो, तिथे हा हिरवागार असतो.

जेसीबीचा उन्हाळा

२०१८ च्या मे महिन्यात टेकडी साफ करायचं ठरलं. जेसीबी आला. आठवडाभरात बेटं उखडून निघाली, टेकडी बोडकी झाली, गावाला फार आनंद झाला. मलाही झाला, हे कबूल करते. विरोध केला तो एका म्हाताऱ्या काकाजींनी, तेही एकाच वाक्यात. "बाई, तोडलं त निंगतेच. फड पडला का झाड झालं."

उखडलेला सगळा माल टेकडीच्या कडेने नाल्याकडे ढकलून दिला गेला. कंत्राट साफ करण्याचं होतं, उचलून नेण्याचं नव्हतं. त्या ढिगाला पेटवायचाही प्रयत्न झाला. काटे तडतडले, कडेचं गवत जळालं, दोन हिवरं जळाली, आणि फड वरून करपून आत ओलेच राहिले. ज्याचा बहुतेक भाग पाणीच आहे ते जळणार कसं?

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि नाला भरून वाहिला. फड पाण्यावर तरंगतात. ढिगाचा खालचा भाग नाल्यात गेला, नाल्याने तो चार शेतांच्या काठाला लावला, पाझर तलावाच्या सांडव्यात अडकवला, आणि बाकीचा खाली शेजारच्या गावाच्या शिवारात नेला. टेकडीवर जेसीबीच्या पट्ट्यांखाली चुरडलेल्या फडांचे तुकडे मोकळ्या झालेल्या मुरमात पडले होते. मोकळी माती, पाऊस आणि गवताची स्पर्धा नाही, याहून चांगली रोपवाटिका त्यांना कोणी देऊ शकलं नसतं. २०१९ च्या दिवाळीला जिथे पूर्वी एक बेट होतं तिथे वीतभर उंचीची तीस-चाळीस रोपं उभी होती.

ज्यांनी कंत्राट दिलं त्यांच्यावर मी राग काढत नाही. मी स्वतः त्या ठरावाला हात वर केला होता, आणि विज्ञानाची शिक्षिका म्हणून कलम कसं जगतं हे त्या खोलीत मला सगळ्यांत जास्त ठाऊक असायला हवं होतं.

त्या हिवाळ्यानंतर मी एक साधा प्रयोग केला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक तळहाताएवढा फड चिमट्याने तोडून गच्चीवर, उघड्या सिमेंटवर ठेवला. ना माती, ना पाणी. एप्रिल गेला, मे गेला. आमच्याकडच्या उन्हात गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. फड आक्रसला, सुरकुतला, कडा तपकिरी झाल्या. जूनचे पहिले दोन पाऊस झाले आणि चौथ्या दिवशी तो उचलायला गेले तर हाताला अडखळला. खालच्या अंगाच्या दोन डोळ्यांतून बोटभर पांढरी मुळं निघाली होती आणि ती सिमेंटच्या भेगेत शिरली होती. तो फड मी समितीच्या बैठकीत नेऊन टेबलावर ठेवला. त्या दिवसानंतर 'तोडून टाकू' हा शब्द बैठकीत कोणी वापरला नाही, सगळे 'तोडून नेऊ' म्हणू लागले.

थोर

दुसरी चूक २०२० च्या फेब्रुवारीत, श्रमदानात झाली. या वेळी माणसं होती, सब्बल आणि टिकास होते, बैलबंडी होती, फड उचलून न्यायचं ठरलेलं होतं. पण टोळीला फक्त 'निवडुंग काढा' एवढंच सांगितलं होतं. दुपारी मी टेकडीच्या दुसऱ्या बाजूला पोचले तर पोरांनी पश्चिमेच्या कपारीतला थोर मुळासकट आडवा केला होता. चिकाचे पांढरे ओघळ दगडांवर वाळत होते. एका मुलाच्या डोळ्यात चीक उडाला, त्याला तातडीने दवाखान्यात न्यावं लागलं. डोळा वाचला, पण दोन दिवस तो अंधारात बसून होता.

थोर आपला आहे. त्याचं घराणंच वेगळं. तो एरंडाच्या कुळातला, युफोर्बिया, आणि फड्या कॅक्टसच्या कुळातला. दोघांचे पूर्वज दोन खंडांत वेगवेगळे वाढले. कोरड्यात जगायचं तर अंग जाड करावं लागतं आणि पानांवरचा खर्च कमी करावा लागतो, म्हणून दोघं दिसायला जवळ आले, एवढंच. फरक ओळखायला पुस्तक लागत नाही. नख लावा. चीक आला तर थोर, पाणचट चिकटा आला तर फड्या. थोराचे काटे जोडीजोडीने असतात आणि पावसाळ्यात त्याला मांसल पानं येतात. फड्याचे काटे झुबक्याने येतात आणि खाली कुसळांची गादी असते.

त्या कपारीतल्या थोराच्या बुडाशी माकडशिंग वाढायचं. तीही मांसल, बोटाएवढी, चौकोनी कांड्यांची वनस्पती. तिला थोराची सावली आणि काट्यांचा आडोसा लागतो, नाहीतर बकऱ्या एक कांडी ठेवत नाहीत. गावातल्या काही घरांत अजून तिची भाजी होते. थोर गेला आणि त्या उन्हाळ्यात माकडशिंगही गेलं. पुढे टाळेबंदी लागली, टेकडीवर कोणी फिरकलं नाही, आणि ते परत लावण्याचा एक पावसाळा हातचा गेला. या प्रकरणात माझ्या मनाला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट हीच आहे. फड्याने जे दहा वर्षांत केलं नव्हतं ते आम्ही एका दुपारी केलं.

पांढरा कापूस

२०२० च्या डिसेंबरात नाल्याकाठच्या शेतातले एक भाऊ घरी आले. म्हणाले, "बाई, गढीच्या निवडुंगाले मिलीबग लागला होता. म्या फवारून टाकलं. कपाशीवर जाईन ना ते."

मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण. कपाशीच्या शेतकऱ्याला ते नाव ऐकलं तरी धडकी भरते, आणि त्यांची भीती रास्त होती. मी गढीवर गेले. मातीच्या पडक्या भिंतीवर फड्याची जुनी बेटं आहेत. खालच्या बेटावर फवारा बसला होता, पण भिंतीच्या वरच्या अंगाला पाइप पोचला नव्हता. तिथल्या फडांवर कापसाचे पुंजके चिकटल्यासारखे दिसत होते, डोळ्यांच्या भोवती जास्त. एक पुंजका अंगठ्याने दाबला. अंगठा लालभडक झाला, कुंकू ओलं करून लावावं तसा. पदराला पुसला तर डाग आजही गेलेला नाही.

पिठ्या ढेकूण दाबला तर असा किरमिजी रंग येत नाही. हा कोचिनियल होता, डॅक्टिलोपियस, फक्त कॅक्टसवर जगणारा किडा. ओळखीच्या एका कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांनी नमुना पाहून दुजोरा दिला. कपाशी, तूर, वांगी, कशावरही तो जात नाही. मादी एकदा सोंड खुपसून बसली की जन्मभर हलत नाही, मेणाची रुई अंगाभोवती विणते आणि रस शोषत राहते. पिल्लं तेवढी चालतात, आणि वाऱ्यावर शेजारच्या बेटावर जातात.

माझे आजोबा एक गोष्ट सांगायचे. त्यांच्या लहानपणी गावोगाव फड्याची रानं होती, मग 'पांढरा रोग' आला आणि ती बसली. मी ती गोष्ट म्हातारपणाची म्हणून ऐकली होती. तिच्यामागे खरा इतिहास आहे, आणि तोही चुकीच्या ओळखीने सुरू होतो.

मेक्सिकोतल्या कोचिनियलपासून मिळणाऱ्या लाल रंगावर स्पेनची मक्तेदारी होती. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग हिंदुस्थानात काढायचा होता. १७९५ साली कॅप्टन नील्सन नावाच्या अधिकाऱ्याने ब्राझीलच्या रिओ दे जानेरोहून किडा कलकत्त्याला आणला. तो भलताच निघाला. खऱ्या रंगाच्या किड्याऐवजी त्याचा रानटी भाऊबंद, डॅक्टिलोपियस सिलोनिकस, आला होता. रंग हलका, धंदा बसला. पण त्या किड्याने ओपन्शिया मोनाकान्था या एका जातीचा उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात फडशा पाडला. ते पाहून १८३६ ते १८३८ च्या सुमारास त्याला दक्षिणेत मुद्दाम नेलं गेलं. तण मारायला किडा मुद्दाम वापरण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या उदाहरणांत हे मोजलं जातं. मात्र आमच्याकडच्या इलाटिओरला आणि दक्षिणेतल्या डिलेनाय या दुसऱ्या जातीला तो किडा तोंड लावत नव्हता. त्यासाठी डॅक्टिलोपियस ओपन्शियाय ही वेगळी जात १९२६ साली श्रीलंकेतून भारतात आणली गेली आणि तिने या दोन्ही जाती आटोक्यात आणल्या. आजोबांचा 'पांढरा रोग' तो हा असणार.

निवडुंगाच्या एका जातीचा किडा दुसऱ्या जातीवर चालेलच असं नाही. १७९५ पासून ही गोष्ट लोकांना ठाऊक होत गेली आहे, आणि तरी आमच्या बैठकीत 'कुठून तरी किडा मागवू' अशी सूचना आलीच. ऑस्ट्रेलियाची गोष्ट कोणीतरी मोबाइलवर पाहिली होती. ती गोष्ट खरी आहे. तिथे सुमारे ६ कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली होती. १९२५ साली अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी नेली, १९२६ पासून पतंग सोडले, आणि १९३३ पर्यंत त्यांच्या अळ्यांनी बहुतेक रान पोखरून टाकलं. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावच्या लोकांनी १९३६ साली आपल्या सभागृहाला त्या पतंगाचंच नाव दिलं. पण तोच पतंग १९८९ साली अमेरिकेत फ्लॉरिडात सापडला आणि तिथल्या मूळच्या निवडुंगांना खाऊ लागला. आपल्याकडे बाहेरून कीटक आणायला केंद्र सरकारची परवानगी आणि विलगीकरणातल्या चाचण्या लागतात, आणि ते बंधन योग्यच आहे. आम्हाला त्याची गरजही नव्हती. आपला किडा आपल्याच गढीवर बसलेला होता, आणि आम्ही त्याच्यावर औषध मारत होतो.

औषधाबद्दल इथेच सांगते. तणनाशकाचा विषय प्रत्येक बैठकीत निघाला. फडाच्या मेणकट सालीवरून फवारा ओघळतो, झाड अर्धं सुकतं आणि बुडातून फुटतं. शिवाय २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरताच ठेवला. ज्या टेकडीचं पाणी पाझर तलावात उतरतं तिथे मी तरी कोणाच्या पाठीवर पंप देणार नाही.

मग आम्ही जे केलं ते फार साधं होतं. पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, गढीवरचे रुई धरलेले फड चिमट्याने काढले, टोपल्यात अलगद ठेवले आणि टेकडीवरच्या निरोगी बेटांच्या बेचक्यांत एकेक अडकवून दिला. पावसाळ्यात हे करून उपयोग नसतो, मोठ्या सरी किडे धुऊन नेतात. एक पिढी व्हायला दोन-तीन महिने लागतात. पहिल्या हिवाळ्यात काही दिसेना, माणसं हसायची थांबली ती पुढच्या मार्चमध्ये. आठ बेटांवर पांढरा थर चढला. २०२२ च्या उन्हाळ्यात वरचे फड पिवळे पडून गळू लागले, बेटं आतून पोकळ होऊन बसली. किडा मुळापर्यंत जात नाही आणि सगळं संपवतही नाही. त्याने आमचं काम माणसाच्या उंचीवरून गुडघ्यापर्यंत आणलं. बाकीचं हातानेच करावं लागलं.

हाताचं काम होळी ते अक्षय तृतीया. सब्बलने बूड सैल करायचं, पुढे दोन फाटे असलेल्या लांब काठीने बेट ढकलायचं, चिमट्याने फड घमेल्यात. सुती हातमोजे इथे कुचकामी, कुसळं आरपार जातात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बोटांना गुंडाळले ते उपयोगी पडले. माल टेकडीमागच्या बंद पडलेल्या मुरमाच्या खदानीत, दीड मीटर खोल खड्ड्यात, वर दाबून माती. खड्ड्यापर्यंत नेता नाही आला तो उघड्या पाथरावर एकेरी पसरून ठेवला, कधी ढीग केला नाही, कारण ढिगाच्या आतला फड पावसाची वाट पाहत जगतो. पाथरावरचे फडही मृगाआधी उचलून खड्ड्यातच टाकायचे, गच्चीवरच्या त्या फडाने एवढं शिकवलं होतं. रुई लागलेले फड मात्र खड्ड्यात जात नाहीत, ते पुढच्या बेटावर जातात.

आणि भाद्रपदात परत फेरी. हे ज्याला जमत नाही त्याने हे काम सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बिया जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. पक्षी आणि वानरं बोंडं खाऊन त्या नव्या जागी टाकतात. भाद्रपदात माती ओली असते, रोप बोटभर असतं, खुरप्याच्या एका झटक्यात निघतं. तेच रोप दुसऱ्या वर्षी सब्बल मागतं.

धुऱ्यावरचा प्रश्न

टेकडी सरकारची, म्हणून तिथे ठराव चालला. धुऱ्यांवर चालला नाही. पहिल्या दिवशी इशारा देणारे तेच काकाजी आपल्या धुऱ्यावरचा फड्या काढू द्यायला तयार नव्हते. त्यांच्या तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतात रोही, म्हणजे नीलगायी, येतात, रानडुकरं येतात. "तुमी काढून देसान," ते म्हणाले, "मंग रोही आले का जागलीले कोन येईन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिसेंबरच्या थंडीत रात्रभर मचाणावर बसून डबा वाजवणं काय असतं ते मी घरात पाहिलं आहे. फड्या या गावात टिकला तो त्याच्या चिवटपणाइतकाच आमच्या गरजेमुळेही. म्हणून त्यांच्या धुऱ्याला हात न लावता आम्ही आधी दुसऱ्या एका शेतात, पडीक धुऱ्यावर, थोराच्या कलमांची दुहेरी रांग आणि मधे सागरगोटा लावला. थोराची कलमं तोडल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा लागतो, नाहीतर कुजतात. पहिल्या वर्षी निम्मी गेली. तिसऱ्या वर्षी वई छातीला आली. रानडुकराला ती पुरती थांबवते असं नाही, तो खालून मुसंडी मारतो, म्हणून खालच्या अंगाला झटका मशीनची एक तार लागते. झटका मशीनला बॅटरीचा खर्च आहे आणि चोरीची भीती आहे, तोही हिशेबात धरायला हवा.

काकाजींनी गेल्या वर्षी अर्ध्या धुऱ्याचा फड्या काढू दिला. अर्धा अजून आहे. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

घायपाताचं थोडक्यात सांगते. टेकडीच्या जुन्या समतल चरांच्या भरावांवर तो माती धरायला लावलेला होता. पूर्वी त्याची पानं पाण्यात कुजवून वाख काढत, दोर वळत. नायलॉन आल्यावर ते सुटलं. बुडातून पिलं फुटून तो भरावाखाली उतरला आहे. झाड मरण्याआधी एकदाच उंच खांब काढतं आणि त्यावर शेकडो छोटी रोपं तयार होऊन खाली पडतात. तो खांब रोपं धरण्याआधी तोडणं एवढंच आम्ही सध्या करतो. भराव उघडा पडेल म्हणून मूळ झाडं ठेवली आहेत.

आता

वरच्या निम्म्या अंगावर कुसळी परत आली आहे, पवन्या अजून विरळ आहे. बकऱ्या वरपर्यंत जातात. कपारीत थोराची नवी कलमं लावली आहेत, आणि डोंगरापलीकडच्या एका शेतातून आणलेल्या माकडशिंगाच्या चार कांड्यांपैकी दोन जगल्या.

मध्यंतरी नवा प्रस्ताव आला, मोकळ्या टेकडीवर चाऱ्यासाठी काटेविरहित निवडुंग लावण्याचा. पडीक जमिनीवर तो लावण्याचा विचार केंद्राच्या भूसंसाधन विभागाने २०२२ पासून पुढे नेला आहे, आणि दुष्काळात बकऱ्यांना ओला चारा मिळतो ही त्याची बाजू खरी आहे. मी त्याच्या विरोधात नाही. पण तो ओपन्शिया फायकस-इंडिका आहे, आणि आमच्या टेकडीवरचा किडा त्यालाही लागू शकतो. मोरोक्कोत २०१४ नंतर याच किड्याने गावोगावच्या निवडुंगाच्या बागा मारल्या. शिवाय काटेविरहित झाडाच्या बियांतून काटेरी रोपं निघू शकतात, दक्षिण आफ्रिकेला तो अनुभव आहे. ज्याला हवा त्याने तो घराजवळ, वाडीत, फळ धरू न देता कापत राहून लावावा. ई-क्लासवर नको, असं मी ग्रामसभेत सांगितलं. ठराव अजून व्हायचा आहे.

सगळ्यांत मोठं राहिलेलं काम खाली आहे. २०१८ च्या पुरात नाल्याने जे फड शेजारच्या गावाच्या शिवारात नेले, त्यांची तिथे बेटं झाली आहेत. स्मशानभूमीच्या मागे, नाल्याच्या वळणावर, दोन्ही काठांना. तिथल्या लोकांना ती कुठून आली ते माहीत नव्हतं. या दिवाळीत मी आणि काकाजी जाऊन सांगून आलो. होळी झाली की सब्बल, चिमटे आणि दोन बंड्या घेऊन आमच्या गावची माणसं तिकडे जाणार आहेत. त्याआधी, या महिन्यात, गढीवरच्या रुई लागलेल्या फडांची तीन टोपली तिथे पोचवायची आहेत.